रात्रपाळीची भुते

(भुसावळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भुसावळ हे रात्री न झोपणारे गाव आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तापीकाठच्या या गावी पोचला आणि तेव्हापासून इथल्या माणसांच्या दिवसरात्रीचा हिशेब सूर्याऐवजी गाड्यांच्या वेळापत्रकाने ठरू लागला. इंजिनचालक, गार्ड, पॉइंट्समन, शेडमधले फिटर, दीपनगरच्या वीजकेंद्रातील कामगार अशी शेकडो घरे येथे आहेत की जेथे बाप दिवसा झोपतो आणि मुलांना हळू बोलायला सांगितले जाते. रात्रपाळी म्हणजे काय, हे या गावाला शिकवावे लागत नाही. तथापि रात्रपाळीचा कामगार म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो पुरुष. हातात कंदील किंवा पाना असलेला. त्याच गावातल्या रेल्वेच्या, नगरपालिकेच्या वा सरकारी रुग्णालयात त्याच वेळी पन्नास खाटांमधून फिरणारी परिचारिका कामगार म्हणून सहसा आठवत नाही. तिला 'सिस्टर' म्हणायचे, सणावारी 'देवी' म्हणायचे आणि प्रश्न संपला असे मानायचे, अशी आपली रीत आहे.

या परिचारिकांच्या रात्रीविषयी आणि त्या रात्रीत त्यांना भेटणाऱ्या भुतांविषयी आज विचार करावयाचा आहे. विषय ऐकून काहींच्या ओठांवर हसू येईल. समाजवादी अभ्यासवर्गात भुतांचे काय काम, असाही प्रश्न निघेल. पण कष्टकरी माणूस ज्याला भितो, त्यात त्याच्या कष्टांची परिस्थिती दडलेली असते. आणि ती परिस्थिती समजून न घेता नुसती भीती हसण्यावारी नेणारा कार्यकर्ता त्या माणसाच्या फारसा उपयोगाचा नसतो.

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या रुग्णालयात, विशेषतः उंच छतांच्या आणि लांब व्हरांड्यांच्या इमारतींत, नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. औषधांच्या कपाटाची किल्ली कोठे ठेवलेली असते, ही एक. रात्री दोननंतर कोणत्या बाजूला एकटीने जायचे नाही, ही दुसरी. मग पुढचे सारे हळूहळू कळत जाते. रिकाम्या खाटेजवळची घंटा वाजते. म्हातारा पाणी मागतो, ती पाणी घेऊन जाते आणि तेव्हा तिला आठवते की, त्या खाटेवरचा म्हातारा दुपारीच गेला. बंद असलेल्या प्रसूतिकक्षातून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येते. कोणी बोलावले नसता लिफ्ट खाली शवागाराच्या मजल्यावर जाऊन थांबते. व्हरांड्याच्या टोकाला पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी दिसते आणि जवळ जावे तो दिसेनाशी होते. काही वॉर्डांत अमुक एका क्रमांकाच्या खाटेवरचा रुग्ण टिकत नाही, अशी समजूत असते. 'आज शांत आहे' हे शब्द तर रात्रपाळीत कोणी उच्चारायचे नसतात. उच्चारले की दहा मिनिटांत अपघाताची गाडी दारात येते, असा ठाम अनुभव सांगितला जातो.

या गोष्टी खानदेशाच्या किंवा अशिक्षितांच्या आहेत असे समजण्याचे कारण नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली ज्या रुग्णालयात परिचर्येचे आधुनिक शिक्षण सुरू केले, त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातही करड्या पोशाखातल्या एका परिचारिकेचे भूत फिरते, अशी जुनी आख्यायिका आहे. ती ज्या रुग्णाला दिसते तो लवकरच मरतो, असे तेथे म्हणतात. विज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या, नाडी मोजणाऱ्या, औषधाचा अंश न अंश तपासून देणाऱ्या स्त्रियांमध्ये या कथा शे-दीडशे वर्षे टिकून आहेत. तेव्हा त्यांचे मूळ अडाणीपणात शोधणे हा आळस होय.

प्रथम शरीराकडे पाहावे. माणसाचे शरीर हे दिवसा जागणारे यंत्र आहे. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान सर्वांत खाली येते, अवधान विस्कळीत होते, डोळे उघडे असतानाही मेंदूला क्षणभराच्या डुलक्या लागतात. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खाली येते. दिवसा घरचा स्वयंपाक, मुलांची शाळा आणि सासूचे औषध आटोपून रात्री आठला कामावर हजर होणारी परिचारिका पहाटे तीन वाजता किती तास जागी असते, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरातल्या बाईवरून करावा. भोपाळची वायुगळती १९८४ च्या डिसेंबरात मध्यरात्रीच्या सुमारास झाली, चेर्नोबिलची अणुभट्टी १९८६ च्या एप्रिलमध्ये रात्री सव्वा-दीडच्या दरम्यान फुटली. या दुर्घटनांना इतर अनेक कारणे होती, परंतु रात्रीचा प्रहर हा मनुष्याच्या चुकीचा प्रहर आहे, हे औद्योगिक जग फार पूर्वीपासून जाणते.

अशा अवस्थेत माणूस जे पाहतो आणि ऐकतो, त्यात जाग आणि स्वप्न यांची सरमिसळ होते. टेबलावर डोके टेकून दहा मिनिटे डोळा लागला आणि अर्धवट जाग आली की मेंदू जागा होतो, पण स्नायू अजून झोपेच्या बंधनात असतात. हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कोणीतरी बसले आहे आणि खोलीत दुसरे कोणी तरी आहे अशी खात्री वाटते. खेड्यांत यालाच भूत छातीवर बसणे म्हणतात. वैद्यकशास्त्र त्याला निद्रापक्षाघात म्हणते आणि झोपेची घडी विस्कटलेल्या, पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांत तो अधिक आढळतो. घंटेचे म्हणाल तर ओल आलेली भिंत आणि उंदरांनी कुरतडलेली तार यांना घंटा वाजवण्यासाठी मृतात्म्याची मदत लागत नाही. न टिकणाऱ्या खाटेचा उलगडा त्याहून सोपा आहे. सर्वांत अत्यवस्थ रुग्णाला नजर राहावी म्हणून परिचारिकेच्या टेबलाजवळची खाट दिली जाते. साहजिकच तेथे मृत्यू अधिक होतात आणि दोष खाटेला लागतो.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे व्हिक टँडी नावाचे एक अभियंता ज्या प्रयोगशाळेत काम करीत, ती झपाटलेली म्हणून प्रसिद्ध होती. रात्री एकटे बसले असता त्यांनाही अंगावर काटा आला आणि डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेले तलवारीचे पाते आपोआप थरथरताना पाहून त्यांनी शोध घेतला, तेव्हा नव्याने बसवलेल्या एका पंख्यामुळे कानाला ऐकू न येणारी, सेकंदाला सुमारे एकोणीस कंपनांची ध्वनिलहर त्या खोलीत घुमत असल्याचे आढळले. १९९८ साली त्यांनी यावर निबंध लिहिला. सगळ्याच भुतांना हा खुलासा लागू पडतो असे कोणी म्हणत नाही. पण या गृहस्थांची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. स्वतःला वाटलेली भीती त्यांनी नाकारली नाही. तिचे कारण कामाच्या जागेत, त्या जागेतील यंत्रात शोधले.

हीच पद्धत परिचारिकांच्या बाबतीत पुढे नेली पाहिजे. कारण झोप, तापमान आणि ध्वनिलहरी यांनी एक गोष्ट उलगडत नाही. भूत ठराविक जागीच का असते? ते तपासणीच्या स्वच्छ, उजेडाच्या खोलीत किंवा अधीक्षकांच्या कचेरीत सहसा नसते. ते व्हरांड्याच्या त्या टोकाला असते जेथला दिवा गेले सहा महिने बंद आहे. ते जिन्याखाली असते, जेथे रात्री कोण बसून असतो हे साऱ्यांना ठाऊक असते. ते मागच्या आवारातल्या शौचालयाच्या वाटेवर, कपडे बदलण्याच्या तळघरातल्या खोलीत आणि शवागाराकडे जाणाऱ्या निर्मनुष्य बोळात असते. परिचारिकेने रिपोर्टाच्या वहीत असे लिहिले की, अमुक जागी अमुक माणसाची भीती वाटते, तर आधी चौकशी तिच्याच चालचलणुकीची होते. तिथे भूत आहे असे मात्र कोणीही, कोणाही समोर, मोकळेपणाने बोलू शकते. भुताला वकील नसतो आणि त्याची युनियनही नसते. म्हणून थोरली सिस्टर धाकटीला सांगते, 'तिकडे एकटी जाऊ नकोस गं, मावशीला सोबत ने.' ही कामगार स्त्रियांनी स्वतःसाठी तयार केलेली, कोठेही न छापलेली सुरक्षा-नियमावली आहे. मालकाने ती केली नाही म्हणून त्यांनी ती भुताच्या नावाने केली.

ही भीती पोकळ नव्हती, याला इतिहास साक्षी आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानभाग ही तरुण परिचारिका काम संपवून तळघरात कपडे बदलण्यासाठी गेली असता त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने तिच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याने ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांबद्दल, सात वर्षांची. अरुणा मात्र त्याच रुग्णालयाच्या एका खोलीत बेचाळीस वर्षे पडून होती. १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू झाला, तोवर परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी तिला भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला शय्याव्रण होऊ दिले नाही, हे डॉक्टरांनीही आश्चर्याने नमूद केले. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. तिच्यावरील हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी काम बंद ठेवून सुरक्षिततेची मागणी केली होती. आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीत, विश्रांतीला धड खोली नाही म्हणून सभागृहात पडलेल्या तरुण डॉक्टर स्त्रीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. मधली पन्नास वर्षे कशात गेली, याचा जाब सत्तेवर आलेल्या प्रत्येक पक्षाला द्यावा लागेल.

आता भुसावळकरांच्या जिव्हाळ्याची, खरे म्हणजे लाजेची, एक गोष्ट. जून २०२० चा तो काळ होता. करोनाच्या साथीने जळगाव जिल्ह्याला विळखा घातला होता आणि येथील मृत्युदर देशातील अत्यंत भयानक दरांपैकी होता. भुसावळची एक ब्याऐंशी वर्षांची वृद्धा आधी येथील रेल्वे रुग्णालयात होती. तेथून तिला जळगावच्या शासकीय रुग्णालयात हलवण्यात आले. २ जूनपासून ती वॉर्डात दिसेनाशी झाली. घरच्यांनी विचारणा केली, पोलिसांत तक्रार झाली, शोध चालल्याचे सांगण्यात आले. १० जून रोजी दुर्गंधी येऊ लागली म्हणून रुग्णालयातीलच शौचालयाचे दार उघडण्यात आले, तेव्हा आत तिचे शव सापडले. आठ दिवस. एका वॉर्डाच्या शौचालयात, दिवसाच्या आणि रात्रीच्या चोवीस पाळ्या बदलून गेल्या तरी ते दार कोणी उघडून पाहिले नाही. शासनाने अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केले. त्या वृद्धेची सूनही याच साथीत दगावली होती.

अशा जागेविषयी पुढे रात्रपाळीत एखादी कथा सांगितली गेली, त्या दाराआडून म्हातारीची हाक ऐकू येते असे कोणी म्हणाले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. उलट शासकीय अहवालांनी तिला विसरल्यावर कोणी तरी तिची आठवण ठेवली असेच म्हणावे लागेल. या घटनेत दोष कोणाचा याचा निवाडा चौकशी समित्यांनी करावयाचा. परंतु कार्यकर्त्याने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. पाळी बदलताना खाटेगणिक रुग्ण मोजून ताब्यात देण्याची पद्धत प्रत्येक परिचारिकेला शिकवलेली असते. ती पद्धत मोडून पडावी, अशी परिस्थिती कोणी निर्माण केली?

याचे उत्तर संख्येत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेसाठी तीस टक्के राखीव. तीन पाळ्यांत विभागल्यावर याचा अर्थ असा की, एका पाळीत नऊ किंवा पंधरा रुग्णांमागे एक. हा निकष आदर्श नव्हे, किमान आहे. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या रुग्णालयात रात्री पन्नास-साठ रुग्णांमागे, जमिनीवर गाद्या घातलेले रुग्ण धरून, एक अधिपरिचारिका आणि असलीच तर एक मावशी असे दृश्य कोणत्याही कार्यकर्त्याने रात्री जाऊन पाहावे. साठ रुग्णांत दोन ठिकाणी एकाच वेळी घंटा वाजली तर एका ठिकाणी ती पोचत नाही. पोचत नाही म्हणजे काय, हे सकाळी कळते. रिकाम्या खाटेवरची जी घंटा रात्री वाजते, ती पुष्कळदा आदल्या एखाद्या रात्री वाजली होती आणि तिला उत्तर देता आले नव्हते. पाणी मागणाऱ्या म्हाताऱ्याला 'आले हं बाबा' म्हटले होते आणि जाणे झाले नव्हते. हा अपराधभाव त्या बाईने कोठे ठेवावा? रिपोर्टाच्या वहीत त्याला रकाना नाही. तिने त्याला भूत केले.

मृत्यूच्या बाबतीतही तेच. खेड्यात माणूस जातो तेव्हा घर भरलेले असते. बायका उशाशी बसतात, तोंडात पाणी घालतात, रडतात, दिवस घालतात. रुग्णालयात तो परिचारिकेच्या हातात जातो. डोळे मिटवायचे, नळ्या काढायच्या, हनुवटी बांधायची, चादर ओढायची, नातेवाइकांना सांगायचे आणि तासाभरात, गादी अजून निवलेली नसताना, तेथे दुसरा रुग्ण घ्यायचा. वर्षानुवर्षे शेकडो मृत्यू हाताळणाऱ्या या स्त्रीला त्यांतल्या एकाचेही सुतक नाही. ओसिस आणि हॅराल्डसन या दोघा संशोधकांनी अमेरिका आणि उत्तर भारत येथील डॉक्टर आणि परिचारिकांना विचारून, मरणासन्न रुग्णांना काय दिसते याची माहिती जमवली आणि १९७७ साली पुस्तकरूपाने मांडली. अमेरिकन रुग्णांना बहुधा आधी वारलेले आप्त न्यायला आलेले दिसत. भारतीयांना देवदेवता आणि यमदूत अधिक दिसत. त्या लेखकांनी यातून परलोकाविषयी काढलेले निष्कर्ष स्वीकारण्याजोगे नाहीत. ज्याला त्याला आपल्याच समाजातील प्रतिमा दिसाव्यात यातच त्यांचे उत्तर आहे. पण त्या माहितीत एक गोष्ट सहज सिद्ध झाली. दोन्ही देशांत, मरणाऱ्याचे शेवटचे शब्द ऐकायला जवळ होती ती पुष्कळदा परिचारिका.

भुतांविषयी इतके सहानुभूतीने बोलल्यावर दुसरी बाजू सांगणे भाग आहे, कारण खानदेशात ती विसरता येत नाही. सातपुड्याच्या पाड्यांतून आजारी मूल उशिरा रुग्णालयात येते ते आधी भगताकडे गेलेले असते म्हणून. आणि भगत आजाराचे कारण म्हणून बहुधा एखाद्या एकट्या, विधवा किंवा जमीन नावावर असलेल्या बाईकडे बोट दाखवतो. ती डाकीण ठरते. तिला मारहाण होते, गावातून हाकलले जाते, प्रसंगी जीवही जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी राज्यात झाला. भुतावर विश्वास ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणे, त्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हा गुन्हा आहे. हा विवेक कार्यकर्त्यांनीही ठेवावा. रुग्णालयातले भूत कोणा जिवंत माणसाकडे बोट दाखवत नाही. डाकीण दाखवते. पहिल्याची चौकशी करावी; दुसरीच्या बाजूने उभे राहावे.

आणि हेही पाहावे की, डाकीण शोधण्याची खोड केवळ पाड्यावर नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. सतरा बालकांपैकी दहा गेली, सात वाचवता आली. अग्निसुरक्षेची व्यवस्था अपुरी होती, हे पुढे उघड झाले. कारवाईची यादी निघाली तेव्हा तिच्यात काही वरिष्ठ अधिकारी होते खरे, पण कंत्राटी परिचारिकांच्या सेवाही तत्काळ संपवण्यात आल्या आणि पुढे गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटून अकरा रुग्ण मेले. अटक झाली ती एका तरुण वैद्यकीय अधिकारी स्त्रीला आणि तीन परिचारिकांना. विजेच्या तारा कोणी टाकल्या, यंत्रांची देखभाल कोणाकडे होती, अग्निशमनाचा निधी कोणत्या टेबलावर अडला होता, या प्रश्नांची उत्तरे मंत्रालयातील फायलींत होती. रात्री जागी असलेली बाई मात्र हाताशी होती.

कायद्याचा इतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना सायंकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कामाला लावण्यास बंदी केली. स्त्रीच्या शीलाची आणि आरोग्याची काळजी असे त्याचे कारण सांगितले जाई. परंतु रुग्णालय हा कारखाना नव्हे, सबब परिचारिकेच्या शीलाची आणि आरोग्याची काळजी कोणाला वाटली नाही. तिचे काम 'सेवा' होते आणि सेवेला तास नसतात. खानदेशात हा शब्द जपून वापरला पाहिजे, कारण अमळनेरच्या छात्रालयात आजारी मुलांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करणाऱ्या साने गुरुजींची ही भूमी आहे. गुरुजींनी सेवा स्वतः केली. दुसऱ्याकडून फुकट करून घेण्यासाठी तो शब्द वापरला नाही. पुढे २०२० च्या श्रमसंहितेने स्त्रियांना संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीची मुभा दिली. परिचारिकेची संमती कधी कोणी विचारली होती? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली परिचर्या कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांविषयी आणि सेवाशर्तींविषयी १४९ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारणीभूत होणारे असल्याचे जाहीर केले. डेन्मार्कने त्यानंतर दीर्घकाळ रात्रपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना, त्यांत परिचारिकाही होत्या, भरपाई दिली. आपल्याकडे रात्रपाळीच्या परिचारिकेला आजारपणाची रजा मागतानाही ओशाळावे लागते. खाजगी रुग्णालयांविषयी तर बोलायलाच नको. तेथील वेतनाबाबत २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने लहानात लहान रुग्णालयातही दरमहा किमान वीस हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली; ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

भुसावळने या बाबतीत मार्ग पूर्वीच पाहिलेला आहे. इंजिनचालकालाही एके काळी गाडी ठिकाणावर पोचेपर्यंत चौदा-सोळा तास जागावे लागे आणि त्यालाही रुळांवर पांढरी बाई दिसे. ऑगस्ट १९७३ मध्ये चालकांनी संप केला आणि दहा तासांच्या कामाचे तत्त्व सरकारकडून मान्य करून घेतले. ते वचन पाळले गेले नाही, हे १९७४ च्या संपाचे एक कारण होते. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मे ते २७ मे १९७४ असा वीस दिवस देशभर चाललेला तो लढा सरकारने चिरडला. हजारो कामगार तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या, रेल्वे वसाहतींतून कुटुंबे बाहेर काढण्यात आली. तथापि चालकाची झोप हा प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्या लढ्यांनी कायमची चर्चेत आणली. परिचारिकेची झोप हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, ही गोष्ट अजून चर्चेत यावयाची आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत पदे भरण्याच्या धोरणाविरुद्ध संप केला, तेव्हा रुग्णांच्या हालांची वर्णने वृत्तपत्रांत भरभरून आली. एरवीच्या रात्रींचे हाल कोणाच्या लेखणीला दिसले नाहीत. आणि खरे तर दोष आपल्याकडेही येतो. रेल्वे कामगारांच्या सभेला गर्दी करणाऱ्या किती कार्यकर्त्यांनी त्या संपाच्या वेळी रुग्णालयाच्या दारात जाऊन परिचारिकांना पाठिंबा दिला?

तेव्हा येत्या महिन्यात करावयाचे काम असे. भुसावळ आणि परिसरातील प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, कायम किती आणि कंत्राटी किती, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी आणि ती दरवाजावरच्या फलकावर लावण्याचा आग्रह रुग्ण कल्याण समितीत धरावा. महिला कार्यकर्त्यांनी परिचारिकांशी त्यांच्या सवडीने, दुपारच्या वेळी, घरी जाऊन बोलावे. प्रश्नावली नेऊ नये. त्यांना सरळ विचारावे की, तुमच्या रुग्णालयात भूत कोठे आहे. त्या हसतील, मग सांगतील. ज्या ज्या जागा त्या सांगतील, त्या सगळ्यांचा एक कच्चा नकाशा करावा आणि कोणाचेही नाव न लिहिता त्या प्रत्येक जागेपुढे दिवा आहे का, कडी आहे का, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर दुसरे कोणी माणूस आहे का, एवढेच नोंदवावे. हा नकाशा घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे शिष्टमंडळ जाईल. तारीख स्थानिक शाखेने ठरवावी. मात्र भेटीची वेळ कचेरीच्या तासांत मागू नये, रात्री दोनची मागावी.